आधी बंपर

घड्याळजीच्या घरात अबोल्याचा दुसरा आठवडा चालू होता, आणि त्याला कारणीभूत असलेली जीप अंगणात चार लाकडी ओंडक्यांवर बसून मजा बघत होती.

घटना तशी साधी. नदीकाठच्या दगडगोट्यांतून नवरा-बायको मजेत हिंडून परतत होते. उतारावर ब्रेकचा गंजका पाइप फुटला, पॅडल जमिनीला टेकलं आणि जीप एका कुंपणात घुसून थांबली. कुणाला ओरखडाही आला नाही. पण थांबल्याथांबल्या घड्याळजीने काय केलं? टुणकन उडी मारली आणि आधी बंपर तपासला. बोटं फिरवून, वाकून, खालूनसुद्धा. आपल्याबरोबर बायकोही होती हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर ती उतरून घराच्या वाटेला लागली होती.

त्याचीही बाजू सांगायला हवी. गिऱ्हाइकाच्या हातून घड्याळ पडलं, की गिऱ्हाइकाकडे बघायचं नाही, आधी घड्याळ उचलायचं, ही त्याच्या हातांना उभ्या जन्मात लागलेली खोड. पण हे बायकोला सांगणार कोण? ती शाळेत खेळाची शिक्षिका. सगळे तिला ‘बाई’ म्हणत, आणि तिच्या गळ्यातली शिट्टी वाजली की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहत. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “त्या गाडीत पुन्हा बसले तर नाव नाही सांगणार.” मग तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं.

मधल्यामधे आईचं फावलं. घड्याळजीची आई व्हरांड्यात खुर्ची टाकून निरोप पोचवायची, आणि पदरचा मीठमसाला घालून पोचवायची.

“आई, त्यांना विचारा, जेवायला येणार का.”

“अरे, ती म्हणते जेवायला ये, नाहीतर गाडीखालीच मर.”

“मर असं मी म्हटलं नाही!”

“ते माझ्याकडून,” आई म्हणाली.

ब्रेकचे पाइप नवे घातल्याशिवाय बायको गाडीत बसणार नाही, आणि ती शेजारी नसेल तर ही जीप म्हणजे चार चाकांवरचं भंगार, हे घड्याळजीला पक्कं कळलं होतं. दुसऱ्याच्या हाती काम देणं त्याला कमीपणाचं वाटलं. म्हणून तो स्वतः गाडीखाली शिरला, डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून.

पाइपाच्या टोकाचा नट गंजून असा बसला होता, की नट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो तेच दिसेना. घड्याळजीने सवयीप्रमाणे सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडला आणि वाट बघितली. दुसरा सोडला, पुन्हा वाट बघितली. नटाने हूं की चूं केलं नाही. शेवटी पाना लावून जोर दिला, तर पाना फिरला, नट जागच्या जागी. त्याचे कोपरे मात्र झिजून गोल झाले.

“तुझ्या बापासारखा आहे तो,” आई व्हरांड्यातून म्हणाली. “गोंजारून हलायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी नाजूक हत्यारं बाजूला ठेवली. पाइप नटाला लागून कापला, नटावर वरून घट्ट सॉकेट ठोकून बसवलं, दांड्याला लांब नळी जोडली आणि लोंबकळला. नट किंचाळून सुटला. घड्याळजीची बोटं चेसिसवर आपटली.

“आई गं!”

“इथेच आहे,” आई म्हणाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हलला. कुणी बाहेर मात्र आलं नाही.

एकेक नट असाच रडवून निघाला. नवे पाइप त्याने जुन्यांवर ठेवून ठेवून वाकवले, आणि ते काम असं देखणं झालं की तो दोनदा उगाचच खाली जाऊन बघून आला. पण ब्रेक ऑइल भरल्यावर पाइपातली हवा काढायची, तर माणसं दोन लागतात. एकाने वर पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल सोडून पुन्हा आवळायचा. आईने पॅडलवर पाय ठेवून पाहिला. पॅडलला पत्ताही लागला नाही.

“माझ्या पायाखाली आता झुरळसुद्धा मरत नाही,” ती म्हणाली आणि सुनेला हाक मारली.

बाई आल्या. गळ्यात शिट्टी, चेहरा कवायतीचा. चालकाच्या जागेवर टेकल्या आणि म्हणाल्या, “आई, त्यांना सांगा, मी बसलेली नाही. पाय दाबण्यापुरती टेकलेय.”

बोलायचं नव्हतंच. घड्याळजीने चेसिसवर पाना एकदा वाजवला. वर पॅडल दाबलं गेलं, एक शिट्टी झाली. त्याने निपल सोडला, बुडबुडे निघाले, निपल आवळला, पाना दोनदा वाजवला. दोन शिट्ट्या, पॅडल वर. मग पुढचं चाक. शेजारपाजारचे कुंपणाशी येऊन बघू लागले, पण दोघांना त्याचं भान नव्हतं. गाडीखाली पडल्या पडल्या घड्याळजीचे डोळे भरून आले. डोळ्यात तेल गेलं, असं तो पुढे सांगायचा. खरं म्हणजे इतक्या दिवसांनी बायकोने त्याला उत्तर दिलं होतं.

पॅडल दगडासारखं घट्ट झालं. ओंडके काढून घड्याळजीने अंगणात गाडी पुढेमागे करून बघितली, तर जिथल्या तिथे थांबली. आता गल्लीचा उतार उरला.

“आई, तिला सांग, मी एकटा जाऊन येतो.”

“त्यांना सांगा, ब्रेक मी दाबून दिलाय. मीच बघणार.” बाई शेजारच्या जागेवर चढून बसल्या आणि पट्टा लावला.

उतारावर त्याने पॅडल दाबलं. जीप खिळल्यासारखी थांबली. हत्यारांची पेटी मात्र थांबली नाही. ती मागे बांधायची राहिली होती. दोघांच्या मधून उडाली आणि पुढच्या काचेवर आदळली. ही काच घड्याळजी रोज सकाळी, घड्याळ पुसायच्या मऊ फडक्याने पुसत असे. तिचा चुरा बॉनेटवर सांडला.

“लागलं का?” घड्याळजी बायकोचं मनगट धरून विचारत होता. “हात बघू. बोटं हलव. मान?”

“अहो, काच गेली.”

“जाऊ दे.”

“अख्खी गेली.”

“जाऊ दे म्हणतो ना! मान वळव बघू. डावीकडे.”

बाईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग कुणी सांगितलं नसताना पुन्हा एकदा डावीकडे वळवली.

फाटकातून आई ओरडली, “अरे, केवढा आवाज झाला! काय झालं गाडीला?”

“काय माहीत,” बाई ओरडून म्हणाल्या. “त्यांनी अजून बघितलीच नाही!”