साळूबाईनं वाढलेली काकडी

हसनाबादजवळच्या वस्तीवरल्या शाळेत साळूबाई अकरा वर्षं खिचडी रांधत होती. त्या आठवड्यात चौदा पोरं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. सगळ्यांनी विहिरीच्या पाण्याला दोष दिला. साळूबाईचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

तपासणीचा अहवाल आला तशी आरोग्य केंद्राची आशाताई वंदना मात्र थेट तिच्याच ओट्यावर येऊन बसली.

"मावशी, नोरो नावाचा विषाणू निघाला. यंदा त्याचा नवा प्रकार फिरून राह्यलाय. आधी होऊन गेलेल्यालाबी सोडत न्हाई. तुमचं पोट कधी बिघडलं होतं?"

"रविवारी. सोमवारी थांबलं, मंग मंगळवारी आले कामावर. पोरं उपाशी ठिवू का?"

"थांबल्यावरबी दोन दिवस घरीच राहावं लागतं."

"हाताला ते कोरोनातलं औषध चोळलं की मी. दोनदा."

"त्याला हा दाद देत न्हाई, मावशी. साबण लावून हात धुवावे लागतात." वंदना उठली. "माझ्याकडून कुणाला कळायचं न्हाई."

साळूबाईला मंगळवार आठवला. खिचडी चुलीवर चांगली रटरटली होती. काकडी मात्र कच्ची. तिनंच चिरली, तिनंच मुठीमुठीनं वाढली. तौफिकला दोन मुठी, तो मागतोच म्हणून. आणि त्यालाच सलाईन लावावं लागलं होतं.

चार वाजता ती त्याच्या दारात उभी राहिली. तौफिक खाटेवर आईच्या, हसीनाच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. पोट, काकडी, औषध, सगळं तिनं कसंबसं सांगून टाकलं.

तौफिक डोळे मिटूनच म्हणाला, "मी तीन मुठी खाल्ल्या. बाजूला बसलेल्या स्वराची पन घेतली."

"चूप पड." हसीना त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "तीन दिवस मी त्या विहिरीला शिव्या देऊन राह्यले, मावशी."

"दुसरी बाई बघा म्हणून मीच सांगते सरांना."

हसीनानं तौफिकच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

"रविवारी तुमच्याजवळ कोन होतं?" तिनं विचारलं.

"माझ्याजवळ कोन असनार?"

"पानी द्यायला तरी?"

"उठून घेतलं मीच. भिंत धरून."

हसीनानं पोराचे पाय आत ओढून घेतले आणि खाटेवर जागा केली.