तिसरी ढलपी

बदाम सोलता सोलता बतूलच्या ओल्या मनगटावर काहीतरी पडलं. तांदळाच्या पिठासारखं बारीक, फिकट. तिनं ते बोटानं चोळलं आणि मान वर केली.

डोक्यावर नऊ काळ्या तुळया होत्या आणि ती पाचवीखाली बसली होती. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर झोहोर मावशींचा दिवाणखाना. तिथे त्यांच्या नातवाच्या बारशाला सकाळपासून बायका जमत होत्या.

आणखी थोडं पीठ पडलं. तिनं बोट नाकाशी नेलं. वास नव्हता.

मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या सुताराच्या मुलीला हे कुणी शिकवावं लागत नाही. देवदाराला भुंगा लागत नाही. ज्याला लागतो ते देवदार नव्हे.

हे छत तिच्या वडिलांनी, मअल्लम म्हणजे उस्ताद तुहामींनी, दोन वर्षांपूर्वी बसवलं होतं. त्यांना जाऊन त्रेपन्न दिवस झाले होते. तुळईला आणि दाराला देवदार, जडावाला अक्रोड आणि लिंबू, मोगरीला ऑलिव्ह, टेकूच्या धीऱ्यांना निलगिरी, असं ते सांगत. पाइन खिडकीला चालेल, माणसाच्या डोक्यावर नको. पाडलेल्या घरांच्या जुन्या तुळया त्यांना आवडत, कारण त्या पुरत्या वाळलेल्या असत. पण शंभर वर्षांच्या धुरानं सगळीच लाकडं सारखी काळी होतात. मग पटाशीनं एकाच जागी तीन ढलप्या काढायच्या, एकीखाली एक, आणि तिसरी हुंगायची. वरचं लाकूड शेजाऱ्याचा वास उचलतं. खोटं बोलत नाही ते आतलं.

तीन वर्षांपूर्वी एका तापानंतर वडिलांचं नाक गेलं. चुलीवर दूध करपत होतं आणि ते शेजारी बसून चहा पीत होते. "कुणाला बोलू नकोस," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून लाकूडबाजारात बतूल सोबत जायची. ते ढलपी काढून तिच्या हातात देत, ती हुंगून मान हलवी.

या छताच्या तुळया घेतल्या त्या दिवशी शाळेची घंटा व्हायला पाव तास उरला होता. पाचव्या तुळईची पहिलीच ढलपी तिनं नाकाला लावली. "देवदार," ती म्हणाली. वडिलांनी पटाशी पुन्हा टेकवली होती. "बाबा, देवदारच आहे, चला ना."

वर डफ सुरू झाला. फळ्या हलल्या. पीठ आता बदामांवर सरळ रेघेत पडू लागलं.

"बतूल, हात चालव गं," झोहोर मावशी दारातून म्हणाल्या. "शाळेत मुलांना घाई करतेस, आणि इथे एकेका बदामाशी गप्पा मारतेस."

"मावशी, वर किती जणी आहेत?"

"चाळीस. वीस बोलावल्या होत्या. का?"

बतूलनं पाचव्या तुळईकडे पाहिलं. तोंडातून एक वाक्य गेलं की गल्लीभर वडिलांचं नाव जाणार होतं. वर बायकांनी एकदम पाय आपटले. तुळईतून करकर असा लहानसा आवाज आला, सुकी भाकरी मोडावी तसा.

"त्यांना खाली आणा," ती म्हणाली. "नाच थांबवा. एकेक करून, भिंतीच्या कडेनं. मधून कुणी चालायचं नाही."

"काय बोलतेस? छत तुझ्या बापाच्या हातचं आहे."

"म्हणूनच सांगतेय."

मावशींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बदामांकडे. बाकी काही न विचारता त्या जिन्याकडे गेल्या. डफ थांबला. त्या शांततेत ती करकर जास्तच स्पष्ट ऐकू आली.

बतूल अनवाणीच कोपऱ्यावर धावली. वडिलांचे जुने भागीदार अल्लालकाका तिथल्या वखारीत असत. दोन माणसं आणि निलगिरीचे चार वासे घेऊन ते आले. वरून बायका उतरत होत्या. कुणी कुरकुरत होती, कुणी विचारत होती, "जेवणाचं काय?" बाळाला घेतलेली आई सगळ्यात शेवटी आली, भिंतीला पाठ घासत. तिचा पाय शेवटच्या पायरीवर टेकेपर्यंत बतूलनं श्वास घेतला नाही.

धीरे तुळईखाली ठोकून झाल्यावर अल्लालकाका शिडीवर चढले आणि त्यांनी टोच्या टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा.

"पाइन," ते म्हणाले. खाली उतरेपर्यंत त्यांचा आवाज बदलला होता. "तुहामीनं पाइन डोक्यावर घातलं? अगं, तो झोपेत वासावरून पाट कुठल्या लाकडाचा ते सांगायचा."

अंगण बायकांनी भरलं होतं. सगळ्या ऐकत होत्या.

"त्यांना वास येत नव्हता," बतूल म्हणाली. "शेवटची तीन वर्षं. हुंगत मी होते. इथली ढलपी मी हुंगली, तीही पहिलीच. ते तिसरी काढणार होते, मी थांबवलं."

झोहोर मावशी खाली बसल्या. "आणि दोन वर्षं मी वर नमाज पढते आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

अल्लालकाकांनी टोच्या अंगातल्या पायघोळ जेलाब्याला पुसला. ते रागावतील असं बतूलला वाटलं होतं. पण ते घाबरलेले दिसत होते.

"पोरी, त्या तीन वर्षांत आणखी किती घरं?"

"तीन."

"तिथे तिसरी हुंगलीस?"

तिनं आठवायचा प्रयत्न केला. बाजार आठवला, वडिलांचा हात आठवला, हातावरची ढलपी आठवली. कितवी, ते आठवेना.

"माहीत नाही, काका."

"मग चल. वासे उचला रे."

दोन गल्ल्या पुढच्या निळ्या दारावर तिनं कडी वाजवली. दार उघडणारी बाई तिला बघून हसली, मग मागच्या वाशांकडे बघून हसायची थांबली.

"या ना. चहा टाकलाय. काय झालं?"

"वर कोण आहे?" बतूलनं विचारलं.