मी पडले नव्हते

मित्रांनो, माझा जन्म एका पुठ्ठ्याच्या खोक्यात झाला, तोही तुकड्यातुकड्यांत. मी इलेक्ट्रिक गिटार आहे, पण दुकानाच्या काचेआड मिरवणाऱ्या गिटारींची आणि माझी बरोबरी करू नका. नवशिक्यांनी घरी बसून जोडावे म्हणून जे स्वस्तातले सामान मिळते, त्यातली मी. धड वेगळे, मान वेगळी, तारांची गुंडाळी, स्क्रूंची पिशवी आणि सगळे कसे जोडायचे ते दाखवणारा चित्रांचा एक कागद. आता मी जुनी झाले आहे. अंगावर सांधल्याच्या खुणा आहेत. त्या कशाच्या, असे पुष्कळ जण विचारतात, म्हणून आज सांगायला बसले.

मला मागवले ताईने. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. काड्यांचे मुंगीएवढे स्क्रू बसवून बसवून तिच्या बोटांना हलकेपणा आला होता. घरात तिची आई होती, शिलाईकाम करणारी, आणि मोठा भाऊ होता. त्याला ती दादा म्हणायची. दादा टायरच्या दुकानात ट्रकची चाके बसवायचा.

जेवणाच्या टेबलावर मला मांडले तेव्हा मी घर बघून घेतले. कपाटाला आरशाच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. आतल्या खोलीच्या दाराला मुठीएवढे भोक होते आणि त्यावर कॅलेंडर टांगले होते. कुणी आले की आई आपणहून सांगायची, "आरसा ना, वाऱ्याने दार आपटलं आणि फुटला." दाराचे म्हणायची, "जुनंच लाकूड हो, किती दिवस टिकणार." मी नवी होते. मला वाटले, या घरात वस्तू आपल्याआपणच मोडत असाव्यात.

दादाने खोक्यात डोकावून पाहिले आणि म्हणाला, "हे काय मागवलंस? गिटार की मोडकी खुर्ची?"

"मोडकी नाही, जोडायची आहे."

"म्हणजे सामान त्यांचं आणि हमाली आपली. छान फसवलंय तुला."

घडणे सोपे नसते, मित्रांनो. पॉलिश पेपरने माझे अंग सोलून निघाले. ड्रिल माझ्या पोटात शिरले तेव्हा लाकडाचा भुसा उडाला आणि मला माझाच जळका वास आला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने माझ्या आतल्या वायरींना डाग दिले. पोटात दोन चुंबके बसवली, त्यांना पिकअप म्हणतात. तेच माझे कान. तार हलली की ते ऐकतात आणि वायरीतून बाहेरच्या अॅम्प्लिफायरला कळवतात. ताई त्या अॅम्प्लिफायरला नुसता डबा म्हणायची. माझे कान स्वस्तातले होते, त्यामुळे अंगावर कुणी टिचकी मारली तरी डब्यातून ती ऐकू जायची.

दादा वाईटच होता असे म्हटले तर ते खोटे ठरेल, आणि मला खोटे बोलायचे नाही. एका संध्याकाळी त्याने शीळ घालत माझ्या कडा घासल्या. गालावर भुसा लागला होता आणि तो ताईला म्हणत होता, "रंग पांढराच दे. लांबून उठून दिसतो." त्या संध्याकाळी आई टेबलाशी बसून दोघांकडे नुसती बघत होती. शिवणयंत्र थांबले होते.

मग मान बसवायचा दिवस आला. धडाला मान चार स्क्रूंनी जोडायची होती. कागदावर लिहिले होते, आधी बारीक भोक पाडा, स्क्रूला मेण लावा, हळू फिरवा. मानेचे लाकूड कडक असते, जोर केला तर स्क्रू आतच तुटतो.

"मेण लाव रे आधी," ताई म्हणाली.

"मला शिकवू नकोस. दिवसभर चाकं बसवतो मी. जोर लावल्याशिवाय काही बसत नाही."

तीन स्क्रू बसले. चौथा निम्मा गेला आणि करकरून तुटला. डोके त्याच्या हातात आले, बाकीचा माझ्या मानेत राहिला.

"ट्रक नाहीये रे तो," ताई हसून म्हणाली. तेवढेच म्हणाली.

त्याने तिच्या कानशिलात अशी लगावली की तिचा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. मग मानगूट धरून तिचे तोंड टेबलावर दाबले, अगदी माझ्याशेजारी. "बोल आता. कसला ट्रक? बोल." तिच्या नाकातून रक्त आले आणि माझ्या पांढऱ्या रंगावर उतरले. तिचे डोळे इतक्या जवळून मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. ती ओरडत नव्हती. तिला सवय होती.

"सोड रे तिला, सोड," असे म्हणत आई धावली. तो चपला घालून निघून गेला. आईने केरसुणी घेतली आणि काचा गोळा केल्या.

"तू तरी कशाला डिवचतेस त्याला? तापट आहे. मनात काही नसतं त्याच्या."

"मनात नसेल," ताई नाक धरून म्हणाली. "हातात असतं."

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी चष्म्याची चौकशी केली. आई म्हणाली, "त्यावर बसली हो, धांदरट आहे." ताईने मान खाली घातली. नर्सबाई ताईच्या सुजलेल्या गालाकडे बघत राहिल्या.

मी तीन स्क्रूंवर उभी राहिले. तारा चढल्या, खुंट्या पिळल्या, सगळा ताण मानेवर आला आणि तरी मी वाकले नाही. माझा पहिला सूर निघाला तेव्हा ताई एवढी दचकली की तिने तारांवर हात ठेवून मला गप्प केले. मग हळूच पुन्हा वाजवले. पुढे दुकानातल्या दोन मैत्रिणींबरोबर तिचा सराव सुरू झाला. एका सभागृहात त्यांना रविवारी संध्याकाळी लोकांसमोर वाजवायचे ठरले. ताई काचा पुसतानासुद्धा डाव्या हाताची बोटे हवेत दाबायची. त्या संध्याकाळशिवाय तिला दुसरे काही सुचत नव्हते.

त्या रविवारी दुपारी ती डब्याला वायर लावून वाजवत होती. दादा जेवून आडवा झाला होता.

"बंद कर ते."

"थोडंच राहिलंय, दादा. संध्याकाळी वाजवायचंय."

तो उठला आणि डब्याची पिन भिंतीतून उपटली. ताईने खाली वाकून ती पुन्हा लावली. त्या घरात असे आजवर कुणी केले नव्हते. खोलीत क्षणभर डब्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग त्याने माझी मान धरली. ताईच्या गळ्यातला पट्टा तुटेपर्यंत मला ओढले आणि उगारले. मित्रांनो, ज्या हातांनी माझ्या कडा घासल्या होत्या, त्याच हातांत मी होते. पहिला घाव कपाटावर बसला. पुठ्ठा फाटला. दुसरा त्याने तिच्या डोक्यावर घातला. तिने डावा हात वर केला आणि मी त्या हातावर आदळले. तिची बोटे माझ्या कडेखाली मोडली, ती मोडताना मी ऐकली. मला थांबता आले नाही. लाकडाला थांबता येत नाही.

पण मित्रांनो, वायर अजून लावलेली होती. ओढाताणीत डब्याचे आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरले होते. माझ्या अंगावरचा प्रत्येक घाव माझ्या कानांनी पकडला आणि डब्याने तो इमारतभर ऐकवला. जिन्यात, खालच्या मजल्यावर, समोरच्या गच्चीवर. इतकी वर्षे त्या घरातली मारहाण भिंतींच्या आत राहिली होती. त्या दुपारी ती सगळ्यांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचली. तिसऱ्या घावाला माझी मान उखडली, तारा लोंबल्या, आणि डबा एकसारखा गुरगुरत राहिला. खाली दारे उघडल्याचे आवाज आले. दादाने माझी मान टाकून दिली आणि पलंगावर जाऊन बसला.

नर्सबाई धावत वर आल्या. त्यांनी ताईचा हात फळीला बांधला आणि कुणाला न विचारता फोन लावला. थोड्या वेळाने एक पोलीसबाई आल्या. त्यांनी जमिनीवर पडलेल्या मला पाहिले.

"काय झालं इथं?"

दादा तांब्यातले पाणी पीत होता. "गिटार पडली खुंटीवरून. हिच्या हातावर. एवढ्याशासाठी लोकांनी तमाशा केलाय."

ताई भिंतीला टेकून बसली होती. ती आईकडे बघत होती. मलाही आईकडेच बघायचे होते. आईच्या हातात केरसुणी होती आणि पायाशी माझे तुकडे.

"मावशी, तुम्ही सांगा," पोलीसबाई म्हणाल्या. "पडली का?"

आईने माझ्या तुकड्यांकडे पाहिले. मला वाटले, आता ती म्हणेल, हो, पडली. आरसा, दार, चष्मा यांच्यामागून माझीही गोष्ट सांगून टाकेल. मला बोलायचे होते, पण माझ्या तारा लोंबत होत्या.

"खुंटीच नाही या घरात," आई हळू आवाजात म्हणाली. "पडली नाही ती. माझ्या मुलाने मारली. तिच्या डोक्यात घालत होता, तिने हात मध्ये घातला. आरसा त्यानेच फोडला. दारही त्यानेच. तिचा चष्मापण. मी सगळ्यांना खोटं सांगत आले."

"आई," दादा म्हणाला.

"पाणी पिऊन झालं असेल तर ऊठ."

तो उठला. जाताना त्याने वळून पाहिले, पण आई केर काढायला वाकली होती.

त्या संध्याकाळी ताईला वाजवता आले नाही. त्या सभागृहात तिची खुर्ची रिकामी राहिली. मी कित्येक महिने पलंगाखाली धूळ खात पडले. आई अधूनमधून मला ओढून काढायची, पुसायची आणि परत सरकवायची. दादाने शिक्षा भोगली. तो आता दुसरीकडे राहतो. त्याची आठवण निघाली की आईच्या डोळ्यांत अजून पाणी येते, आणि तो दाराशी आला तर आई अजून कडी काढत नाही. दोन्ही खरे आहे.

ताईची करंगळी पुन्हा सरळ झाली नाही. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला टेबलावर घेतले, सरस लावून सांधले, शिकंज्यात आवळून ठेवले आणि नव्या भोकांत नवे स्क्रू बसवले. काही सूर तिला आता घेता येत नाहीत. जे येतात ते ती मोठ्याने वाजवते. नर्सबाई रात्रपाळी करून आलेल्या असल्या की खालून काठीने छत ठोकतात. "अगं, मेले मी, झोपू दे," असे त्यांचे ओरडणे वर ऐकू येते, आणि ताई हसत हसत डब्याचे बटण मागे फिरवते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना कोरड्या फडक्याने पुसत जा, ओलीत ठेवू नका, हे मी सांगायलाच हवे. पण माझे मागणे त्याहून वेगळे आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी काही मोडले, आणि कुणी विचारले, तर ते पडले असे म्हणू नका. ज्याने मोडले त्याचे नाव घ्या. हळू आवाजात घेतले तरी चालते. आईनेही हळूच घेतले होते.