पेटिफोर्डांच्या दारातली जागा

सोमवार, १८ मार्च २०१९. पिट्सबर्ग. आभाळ सकाळपासून भरलेलं. वारा नदीकडून. फुटपाथच्या कडेला मळक्या बर्फाचे ढिगारे अजून वितळायचे राहिलेले.

मी खुर्ची बोलतेय. स्वयंपाकघरातली, चार लोखंडी नळ्यांच्या पायांची, पिवळ्या रेक्झिनची. आत्ता हॅझलेट स्ट्रीटवर, पेटिफोर्डांच्या दारासमोर, रस्त्यात उभी आहे. मघाशी एक माणूस येऊन माझ्या पाठीवर नारिंगी कागद डकवून गेला. ज्या वस्तूवर तो कागद लागतो, ती दुपारपर्यंत उचलली जाते. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगून टाकते.

मला या घरात आणलं कोरा पेटिफोर्डने. टेकडीखालची तिची वस्ती शहराने पाडली, तेव्हा ती मुलाला घेऊन इथे आली. नव्या घराला नवं टेबल हवं म्हणून डाउनटाउनच्या मोठ्या दुकानात गेली आणि टेबलासोबत आम्हा चार बहिणींना घेऊन आली. ज्या जागी तिचं जुनं घर होतं, तिथे पुढे गोल छताचं क्रीडागृह उभं राहिलं. कोरा त्या बाजूला तोंड करून कधी बसली नाही. माझी जागा तिने खिडकीकडे पाठ येईल अशी ठरवली होती.

तिचा मुलगा लूशस माझ्यावर बसून अंकगणित शिकला. मोठा होऊन गिलावा करणारा कारागीर झाला. डाउनटाउनच्या निम्म्या बँकांची आणि हॉटेलांची छतं त्याच्या हातची. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवयांवर चुना असायचा. त्याची बायको व्हर्लीन म्हणायची, "आधी तोंड धू. भुतासारखा बसू नकोस माझ्या टेबलाशी." तो तसाच बसायचा. माझ्या शिवणींमध्ये तो चुना अजूनही असेल.

बहिणी एकेक करून गेल्या. माझं रेक्झिन फाटलं, आतला कापूस दिसू लागला, आणि मला बाहेरचं काम मिळालं.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. बर्फ पडला की ज्याने आपल्या दारातला बर्फ फावड्याने उपसला, ती जागा त्याची. तो गाडी घेऊन बाहेर गेला की जागेत खुर्ची ठेवून जातो. हे कुठल्या कायद्यात नाही. पण दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही, हे इथे मुलं चालायला लागायच्या आधी शिकतात. पोलीससुद्धा खुर्ची बघून गाडी पुढे नेत. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात उभी असायचे. स्वयंपाकघरात मला कोणी विचारत नव्हतं, रस्त्यावर मात्र माझा शब्द चालायचा.

शेजारच्या डोलोरेस ह्रुस्काची खुर्ची घडीची, ॲल्युमिनियमची. डोलोरेसच्या जिभेला हाड नाही. "लूशस, तुझी ही पिवळी म्हातारी रोज माझ्या हद्दीत पाय पसरते," ती ओरडायची.

"तुझ्या खुर्चीला घडी घालता येते, डोलोरेस. तुझ्या तोंडाला कधी येणार?"

मग दोघं फावड्यांवर रेलून हसायचे आणि व्हर्लीन दोघांना आत बोलावून सूप द्यायची.

लूशसची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून मी हिवाळा-उन्हाळा रस्त्यातच. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला डायलिसिसला नेणारी व्हॅन येते. तिची फळी फुटपाथला टेकली पाहिजे, तरच त्याची चाकांची खुर्ची वर चढते. रस्त्याच्या मधोमध फळी उतरवायची नाही, असा त्यांचा नियम. चालकाचं नाव टायरेल. तो आला की व्हर्लीन मला उचलून पायरीवर ठेवायची, व्हॅन गेली की परत जागेवर. पेटिफोर्डांच्या घरात दुसरं काहीही हललं-मोडलं तरी चालण्यासारखं होतं. दारातली ती एक जागा तेवढी सुटून चालणार नव्हती.

व्हर्लीनची भाची अॅनेट नर्स आहे. ती आली की बजावायची, "मावशी, पालिकेच्या अपंगांसाठीच्या निळ्या पाटीसाठी अर्ज कर. दारात पाटी लागली की जागा कायद्याने तुमची."

"जी जागा आपलीच आहे, ती मागायला कशाला जायचं?" व्हर्लीन म्हणायची. "खुर्ची आहे ना."

साऱ्या गल्लीचं हेच म्हणणं होतं. डोलोरेसच्या नवऱ्याला चालता येत नव्हतं, तेव्हाही तिने पाटी मागितली नाही. आमच्याकडे पाटी मागणं म्हणजे शेजाऱ्यांवर विश्वास नाही असं सांगणं.

पण शेजारी उरले होते कुठे? समोरची तीन घरं पाडून काचेची सहा मजली इमारत झाली. बेकरीचं कुत्र्यांना न्हाऊ घालायचं दुकान झालं. डाउनटाउनमधल्या ज्या बँकेचं छत लूशसने केलं होतं, तिथे लोक राहायला आले. पूर्वी गाडी बघून माणूस कळायचा. आता रस्ताभर गाड्या आणि एकीचाही मालक ठाऊक नाही. मागच्या शरदात खांबावर पालिकेची नोटीस लागली होती: या बाजूची जागा नव्या इमारतीच्या सामान-प्रवाशांच्या चढ-उतारासाठी राखायची आहे, कोणाचा हक्क असेल तर कळवावा. डोलोरेसने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "लावू देत कागद. आपल्याकडे खुर्च्या आहेत."

बुधवार, २० फेब्रुवारी. पहाटेपासून बर्फ, वर गारांचा थर. व्हर्लीनने जागा उपसली, मला उभं केलं आणि लूशसचे बूट घालायला आत गेली. तेवढ्यात एक मुलगी गाडीतून उतरली. समोरच्या इमारतीतली, नाव कर्स्टन. फोनवर बोलत होती. "अगं, कोणीतरी फेकून दिलीय! अगदी आपल्या आजींच्या वेळची, पिवळी. फुकटात!" तिने गाडी जागेत घातली, मला काखोटीला मारलं आणि रस्ता ओलांडून गेली.

मला माणसाचा आवाज असता तर मी गल्ली हादरवली असती. त्या इमारतीचं दार काचेचं, लिफ्ट यायची होती, आणि मला सगळं दिसत होतं. व्हॅन आली. टायरेलने भोंगा वाजवला. व्हर्लीन लूशसला घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

ती त्या गाडीच्या काचेवर बुक्क्या मारत होती. टायरेल खिडकीतून काहीतरी सांगत होता, मागे गाड्यांची रांग लागली होती. लूशसने मांडीवरच्या ब्लँकेटमध्ये हात खुपसले आणि मान खाली घातली. व्हॅन निघून गेली. लिफ्ट आली.

त्या रात्री पुन्हा बर्फ पडला आणि कर्स्टनची गाडी गाडली गेली. शुक्रवारी व्हॅन आली, गेली. मी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, अंगावर कुंडी घेऊन, बघत होते. शनिवारी संध्याकाळी रुग्णवाहिका रस्त्याच्या मधोमध थांबली. दोनदा डायलिसिस चुकून लूशसच्या छातीत पाणी झालं होतं.

रविवारी डोलोरेसची नजर वर, माझ्या खिडकीकडे गेली. दार वाजलं तेव्हा कर्स्टन कॉफी करत होती.

"ती खुर्ची कुणाची गं?"

"माझी... म्हणजे, रस्त्यात पडली होती."

"पडली नव्हती, उभी होती! पडलेलं आणि उभं यातला फरक शिकवत नाहीत का तुमच्या कॉलेजात? त्या जागेवर एका माणसाचा जीव टांगलेला होता, पोरी. तू त्यावर कुंडी ठेवलीस."

कर्स्टनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मला खरंच माहीत नव्हतं हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. हे खरं होतं, म्हणून तिच्यावर रागावताही येईना. ती ओहायोच्या शेतवाडीतून आली होती, तिथे घराभोवती जागाच जागा. तिने मला खाली आणलं, हातांनी बर्फ खरवडून गाडी काढली आणि व्हर्लीनच्या पायरीवर बसून रडली.

"ऊठ. थंडी बाधेल," व्हर्लीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीन अॅनेटबरोबर पाटी मागायला गेली. परत आल्यावर कोट न काढता टेबलाशी बसली. पालिकेच्या खिडकीवरच्या बाईने नकाशा उघडून दाखवला होता: ती बाजू आधीच राखीव झाली होती. हरकतीची मुदत हिवाळ्याआधीच संपली होती.

"साठ वर्षं आम्ही तिथे खुर्ची ठेवतोय, असं सांगितलं मी," व्हर्लीन म्हणाली.

"मग? काय म्हणाली?" डोलोरेसने विचारलं.

"म्हणाली, पण नोंद कुठे आहे?"

डोलोरेसने उठून तिच्या कोटाची बटणं सोडली.

कर्स्टनने इमारतीतल्या लोकांच्या सह्या गोळा करायचा प्रयत्न केला. बरेचजण भले होते. पण त्यांचं सामान, त्यांची जेवणं, त्यांच्या टॅक्स्या, सगळं त्याच जागेवर थांबणार होतं. गेल्या आठवड्यात पालिकेची माणसं कडेला पिवळा रंग मारून गेली. माझ्या रेक्झिनपेक्षा कितीतरी उजळ.

आज लूशसला हॉस्पिटलातून सोडायचं होतं. घराशी व्हॅन लागते का, हे बघूनच ते घरी पाठवतात. व्हर्लीनने सकाळी मला पुसलं आणि त्या पिवळ्या रंगावर आणून उभं केलं. "उभी राहा गं," एवढंच म्हणाली. मग डोलोरेसने स्वतःची घडीची खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली. आम्ही दोघी उभ्या होतो. सामानाचा एक ट्रक आला, चालकाने उतरून आम्हाला कडेला सारलं. व्हर्लीनने परत जागेत आणलं. दुसरा आला, त्याने पालिकेला फोन केला. मग तो नारिंगी कागदवाला.

वाचणाऱ्यांनो, माझं ऐका. माझ्यासारखीच्या भरवशावर जीव टांगू नका. मी फक्त ओळखीच्या माणसांना अडवू शकते. तुमच्या दारातलं जे तुमचं आहे असं सगळ्यांना माहीत आहे, ते आजच जाऊन कुठेतरी लिहवून घ्या. सगळे गेल्यावर माहीत कोणाला असणार? कोणीतरी या व्हर्लीनला आत न्या. ती अजून पायरीवर उभी आहे, डोक्याला काही बांधलेलं नाही.

दुपारी टायरेल हॉस्पिटलातून एकट्या लूशसला घेऊन आला. जागेत सामानाचा ट्रक होता. त्याने गल्लीला दोन फेऱ्या मारल्या, फोनवर विचारलं आणि लूशसला नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात नेऊन सोडलं. पालिकेच्या गाडीने दोन्ही खुर्च्या त्याआधीच उचलल्या होत्या.