पूर्वेकडे वळलेलं बोट

शरद ऋतू उतरला होता. बियास नदीचं पाणी ओसरलं होतं, आणि ओसरताना मागे कोसभर मऊ, ओला, गव्हाळ गाळ पसरून गेलं होतं. त्या गाळावर सकाळचं कोवळं ऊन सांडलं होतं. काठाकाठाने काशगवताचे शुभ्र तुरे डोलत होते. आकाश नितळ, पाणी निवळशंख, वारा शीतल. आणि अशा निर्मळ सकाळी सुभेदार शिकारीला निघाला होता. माणसांच्या शिकारीला.

सुभेदार नवाब मुर्तजाकुली. गौरवर्ण, मृदुभाषी, गुलाबपाण्याने वारंवार हात धुणारा. शिखांशी त्याचं तीन वर्षांचं वैर. ते त्याची ठाणी उद्ध्वस्त करत आणि रानात विरघळून जात. तो त्यांची गावं जाळी, आणि जळल्या गावांच्या राखेतून आणखी शीख घोड्यांवर बसत. म्हणून आता त्याने गावांचा नाद सोडला होता. तो पावलांच्या मागे लागला होता.

पावलं वाचायला त्याच्यापाशी लद्धू होता. लद्धू खोजी. कृश, काळासावळा, कमरेत वाकलेला. उभं आयुष्य जमिनीकडे पाहण्यात गेलेला. ठसा पाहून तो माणसाचं वय सांगे, तहान सांगे, भय सांगे. वीस वर्षांत भूमी त्याच्याशी खोटं बोलली नव्हती, आणि भूमीच्या वतीने तोही कधी खोटं बोलला नव्हता.

गाळात ठसेच ठसे होते. बायकांचे, म्हाताऱ्यांचे, दोन तट्टांचे. रात्रीच उमटलेले, कडांवर अजून ओल. शिखांचा कबिला उत्तरेला, सरकंड्यांच्या, उंच बोरूंच्या, दाट बेटाकडे गेला होता. लद्धूने तोंड उघडलं. आणि तो थबकला.

एक डावं पाऊल. करंगळी बाहेर वळलेली.

सात वर्षांची असताना म्हशीने पाय दिला होता तिच्या करंगळीवर. लद्धूनेच हळद बांधली होती. रज्जी. त्याची एकुलती लेक, दोन वर्षांमागे एका शीख स्वाराच्या घोड्यावर बसून गेलेली. सुभेदाराच्या खोजीने असल्या लेकीचं नाव घ्यायचं नसतं. त्याने ते गिळलं होतं. दोन वर्षं ते त्याच्या घशात होतं.

तो खाली बसला. टाच खोल रुतलेली. पावलं आखूड, एकमेकांपासून फाकलेली. इथे ती थांबली. इथे टेकली. इथे तळहात रोवून, सगळं ओझं त्या एका हातावर घेऊन उठली. तिला आठवा महिना. चिखल त्याला सांगत होता. ज्याचा निरोप त्याला कुणीही पाठवला नव्हता, ते त्याला चिखल सांगत होता.

"लद्धू," घोड्यावरून सुभेदार म्हणाला, "कुठे गेले?"

लद्धू उठला. उठता उठता त्याने आपला पाय त्या पावलावर ठेवला. हलकेच. लेकीच्या पावलावर बापाचं पाऊल. आणि ठसा मिटला.

"पूर्वेला, हुजूर."

पूर्वेला नावाड्यांची वस्ती होती. तीस झोपड्या, बारा नावा. लद्धूने मनाशी धरलं: झडती घेतील, काही सापडणार नाही, परततील. तेवढ्यात रज्जी बेटात खोल शिरेल. त्याचं बोट पूर्वेकडे वळलं, आणि दोनशे घोडी त्या बोटामागे वळली.

वस्तीत जाळी वाळत होती. चुलींवर धूर होता. सुभेदाराने पाणी मागितलं, प्यायला, हात धुतले, आणि म्हणाला, "बांधा सगळ्यांना."

म्हातारा मुखिया हात जोडून धावला. "हुजूर, आम्ही मल्लाह, नावाडी. आम्ही शीख नाही. आपल्याच फौजेची घोडी आम्ही पार नेतो."

"त्यांचीही नेत असाल."

"नाही हुजूर! मुलांची शपथ!"

सुभेदाराने मान हलवली, पटल्यासारखी. मग मुखियाला त्याच्याच नावेच्या डोलकाठीला बांधलं, आणि नावा पेटवल्या. बारा नावा जळाल्या; पाण्यावर जळाल्या, पाण्यात दुप्पट जळाल्या. ज्वाळा वर आणि ज्वाळा खाली, आणि मधे तो म्हातारा, ओरडणं थांबेपर्यंत.

लद्धूने सुभेदाराची रिकीब धरली. "हुजूर, मी चुकलो. माग इकडे नव्हता. मला मारा. ह्यांना सोडा."

सुभेदार हसला. फार गोड हसला.

"मला ठाऊक आहे रे. वीस वर्षांत तू मागावर पाय दिलेला मी पाहिला नव्हता. आज दिलास. कोण होतं? मुलगी ना?"

लद्धूने रिकीब सोडली.

"असू दे. त्या बेटात शिरलो असतो तर माझे स्वार चिखलात रुतून मेले असते. मला शुक्रवारी शहराला कैदी दाखवायचे आहेत. कैदी मिळाले. तू दाखवलेस." त्याने हात पुढे केला, सेवकाने जरीचा अंगरखा आणला. "हा घाल. आणि पायी चालायचं नाही. मानकरी पायी चालत नसतात. ह्याला घोडा द्या. कैद्यांच्या अगदी मागे ठेवा."

असा लद्धू शहराकडे निघाला. उन्हं कलली होती. अंगावर जरीचा अंगरखा झगमगत होता, पाय अधांतरी होते. उत्तरेला सरकंड्यांचं बेट अक्षत उभं होतं, हिरवंगार, निःशब्द. त्यातून एक पक्षीही उडाला नाही. आणि पुढे गाळातून, दोरांत बांधलेली, नावाड्यांची माणसं चालत होती.

त्याने डोळे मिटले. पण मिटल्या डोळ्यांनी किती वेळ राहणार? उघडले की खाली चिखल होता, आणि चिखलात अक्षरं होती, आणि त्याला वाचता येत होतं.

हा भाजला आहे. ही लंगडते. ही तहानेली आहे, आणि हीही. ही पुन्हा पुन्हा वळून जळत्या काठाकडे पाहते. आणि हे एक इवलंसं पाऊल, धावत धावत आईबरोबर राहू पाहणारं. इथे आहे, इथे आहे, इथे आहे.

इथे नाही.

कुणीतरी उचलून कडेवर घेतलं असेल, लद्धू स्वतःला म्हणाला. आणि घोड्याच्या मानेवरून ओणवा होऊन, संध्येच्या सरत्या उजेडात, तो चिखलात शोधत राहिला. पोराला कडेवर घेतल्याने जे जड व्हायला हवं होतं, ते एखादं पाऊल, कुणाचंही, कुठेतरी, थोडंसं खोल.