पत्त्याची तिसरी ओळ

इस्पितळाच्या तळघरात सर्व्हर होता आणि सर्व्हरपाशी बावीस वर्षं काका. त्यांना सगळे काकाच म्हणत.

जुन्या प्रोग्रॅममध्ये ॲलर्जी लिहायला जागाच नव्हती. पहिल्याच वर्षी मोठ्या सिस्टरने विचारलं, तेव्हा काका म्हणाले होते, "पत्त्याची तिसरी ओळ रिकामीच असते, तिथे टाका." तेव्हापासून हजारो पेशंटांच्या घर-गल्लीखाली लिहिलेलं असे, 'पेनिसिलिन चालत नाही.' सिस्टर लोक ते वाचूनच सुई भरत.

यंदा इस्पितळाच्या साहेबाला नवा प्रोग्रॅम हवा होता. आहे तेच सुधारून नव्या आवृत्तीवर नेऊ, सहा महिने द्या, म्हणून काका घसा कोरडा करत होते. नव्या प्रोग्रॅमच्या कंपनीची बाई म्हणाली, "कोरं सुरू करू. जुन्यातलं नाव, वय, पत्त्याच्या दोन ओळी घेऊ, बास."

"तिसरी ओळ घ्याच, तिच्यात—"

"काका, तुमचा जीव त्या डब्यात अडकलाय," साहेब म्हणाला. "रिटायर झालात की घरी न्या, टीव्हीशेजारी ठेवा."

सगळे फिदीफिदी हसले. काकांचं डोकं फिरलं. हस्तांतराच्या कागदावर 'इतर सूचना' असा रकाना होता. त्यात त्यांनी आडवी रेघ मारली. येतील झक मारत विचारायला!

कुणी आलं नाही. नव्या पडद्यावर ॲलर्जीचा झोकदार रकाना होता आणि जुन्या प्रत्येक पेशंटापुढे त्यात आपोआप पडलं होतं, 'नाही'. सिस्टर लोकांना वाटलं, तिसऱ्या ओळीतलंच इथे आलंय.

अकराव्या दिवशी सकाळी शिवणकाम करणारी एक बाई पाय चिघळून आली. तापात बरळत होती. तिची पोरगी औषधं आणायला गेलेली. सिस्टरने पडदा पाहिला, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत खेळ खलास.

मोठी सिस्टर तळघरात उतरली. जुना सर्व्हर अजून चालू होता. काकांनी बाईचं नाव टाकलं. तिसरी ओळ तिथेच होती.

"तुम्ही सांगितलं नव्हतं त्यांना?"

"सांगत होतो. हसले."

"त्यांचं मरू द्या. मला का नाही सांगितलंत? मी दोन मजले वर असते, काका."

काकांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली.

दुपारी साहेबाचा फोन आला. "तो डबा आजच पुसून टाका."

काकांनी फोन ठेवला आणि सगळ्या तिसऱ्या ओळी छापायला लावल्या. तो गठ्ठा सिस्टरच्या टेबलावर ठेवला. मग रेघ मारलेला कागद घेऊन ते त्या बाईच्या पोरीसमोर उभे राहिले.

"ही रेघ मी मारली. रागाने."

तिला काही कळलं नाही. आईची चप्पल पिशवीत भरत ती म्हणाली, "सही कुठे करायची, काका?"