फिरनपट्टीचं फाटक

पांढुर्ण्यात काम नसताना चालणारा माणूस एक तर वेडा असायचा, नाहीतर निवडणुकीला उभा. जिथून निघालो तिथंच परत येण्यासाठी चालायचं, हे गावाला डॉक्टरांनी शिकवलं. संत्र्याच्या अडत्यांना साखरेचा आजार निघू लागला आणि पंच्याऐंशी साली नगरपालिकेनं कापसाच्या जिनाच्या जुन्या रेल्वे लाइनीवर फिरायची सडक बांधली.

लाइन म्हणजे जिनामागून नदीच्या वळणापर्यंत गेलेला उंच भराव. एके काळी त्यावरून कापसाच्या गाठी भरलेल्या वाघिणी मोठ्या लाइनीला जाऊन मिळायच्या. जिन बंद पडलं, रूळ उचलून नेले, भराव तेवढा राहिला. त्यावर सिमेंटची पट्टी ओतली, कडेला कडुनिंब लावले, बसायला बाक ठेवले, नदीच्या टोकाला उतरायला पायऱ्या केल्या. पाटीवर हिंदीत लिहिलं ‘भ्रमण पथ’. गावानं तिला फिरनपट्टी केलं.

फिरनपट्टी समितीचे अध्यक्ष भैय्याजी, संत्र्याचे मोठे अडते. सकाळी एक फेरी मारायचे आणि परतताना हॉटेलात दोन कचोऱ्या घ्यायचे. हिशेब दोन्ही बाजूंनी बरोबर जमायचा, शिल्लक पोटावर दिसायची.

पण गाईंनाही पट्टी आवडली. एके दिवशी भैय्याजींचा पांढरा बूट शेणात गेला आणि त्याच दिवशी समितीची बैठक भरली. फाटक पाहिजे, पण माणसाला उघडझाप करावी लागू नये आणि ढोरांना आत येता येऊ नये.  तेव्हा दाराशी उभा असलेला पालिकेचा मिस्त्री सुखदेव बोलला, “नागमोडी करू जी. लोखंडी पाइपाचं. माणूस अंग वळवून निघते, गाईले वळता येत नाही.”

सुखदेव जिनामागच्या लाइनपार वस्तीतला, बौद्धांच्या घरांतला. हुशार होता आणि ते त्याला माहीत होतं. त्यानं जिनाकडच्या तोंडाशी फाटक बसवलं, खड्डे खोल घेतले, काँक्रीट घरच्या पायासारखं ठोकून भरलं. समितीनं भर सभेत त्याच्या हातात सत्काराचा नारळ दिला. भैय्याजी म्हणाले, “डोकं पाहा पोराचं!” पोरगं चाळिशीचं होतं. तरी ते सात दिवस हवेत चाललं.

आठव्या दिवशी त्याची माय अंबाबाई काठी टेकत फाटकापाशी आली. आत शिरली, एकदा वळली, दुसऱ्यांदा वळली, बाहेर आली आणि पाइपावर हात ठेवून उभी राहिली.

“अन माही तिरडी कशी निघंन इथून?”

सुखदेव हसायला गेला, पण हसू ओठातच राहिलं.

लाइनपारच्या माणसाला शेवटी याच भरावावरून नदीकाठच्या घाटावर नेत. दोन्ही अंगांना शेतं, काटेरी कुंपणं. शेतवाल्यांनी वस्तीची मयत आपल्या धुऱ्याबांधावरून कधी जाऊ दिली नव्हती. बाजारातून मोठा फेरा होता, तिथं दुकानदार कपाळाला आठ्या घालत. भराव रेल्वेचा होता आणि रेल्वेच्या जमिनीला जात नव्हती. हे सुखदेवला जन्मापासून ठाऊक. फाटक बसवताना त्यानं गाईचं अंग मोजलं, भैय्याजींचं पोट मोजलं, तिरडी तेवढी विसरला.

“तुह्या बापाले नेलं तवा समोरून वाघिणी येऊन राहिल्या होत्या,” अंबाबाई म्हणाली. “डायवरनं इंजन थांबवलं, डोक्यावरची टोपी काढली. इंजन थांबलं, सुखदेवा. अन तू मले गाईत काढलं.”

सुखदेव भैय्याजींकडे गेला. ते अडतीत संत्र्याची प्रतवारी बघत होते.

“रुंद करू म्हनतो जी थोडं.”

“मग गाय नाही का येणार?”

“येईन.”

“जिथून तिरडी जाईल तिथून गाय जाईल. खोटं बोलून राहिलो का मी?”

खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती.

“आणि भाऊ, लोकं तिथं तब्येतीसाठी येतात. सकाळी सकाळी समोरून मयत आली तर कसं वाटते? तरी मी मनाई नाही करून राहिलो. फाटकावरून उचलून घ्या. चार जण आत, चार बाहेर. एका मिनिटाचं काम.”

सुखदेवला ते पटल्यासारखं झालं. नारळ मिळालेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी पटतात. घरी येऊन त्यानं तसं सांगितलं, तर बायको जयवंता चुलीपुढून म्हणाली, “वा! बुद्धी गहाण ठेवून आले वाटते अडतीत.”

अंबाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. “मी काय कापसाची गाठ हाओ, वरून फेकाले? ते फाटक निघत नाही तोवर मी मरत नाही, जा.”

वस्ती हसली. मोतीराम, सुखदेवचा चुलता, रोज दारातून विचारायचा, “काय वो वहिनी, थांबली हायेस ना?” ती म्हणायची, “थांबली.” पुढं पुढं नुसती मान हलवू लागली. भाकर सुटली, मग पेजही सुटली. सुखदेव कामावर जाताना रोज फाटकाजवळून जायचा. एकदा त्यानं पाइप धरून हलवून पाहिला. तसूभर हलला नाही. आपल्याच कामाची त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

दिवाळीनंतर एका पहाटे अंबाबाई गेली. फाटक होतं तिथंच होतं.

वस्ती जमली. पांढऱ्या कपड्यातली तिरडी उचलली, ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणत लोक फाटकापाशी आले. ऊन कोवळं होतं, फिरणारे परतायची वेळ. ते आत अडकले, हे बाहेर. मधे सुखदेवच्या हुशारीचे पाइप.

मोतीरामनं चार जवान पोरं आत धाडली. “चला गा, हात वर करा. वरून घेऊ.”

आतली गर्दी बाजूला सारत भैय्याजी पुढं आले. पायातले बूट त्यांनी काढून ठेवले होते. धोतर सावरून म्हणाले, “थांबा. मी पण हात लावतो. अंबाबाईनं आमच्या बगीच्यात संत्री तोडलेली आहेत.”

 अडत्याच्या घरचा हात लाइनपारच्या तिरडीला! असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. सुखदेवचाही खांदा सैल पडला. दुपारपर्यंत ही गोष्ट पार रामाकोना गावापर्यंत जाईल, हे त्याला दिसत होतं.

त्याच्यापुढचंही दिसत होतं. उद्या मोतीरामची तिरडी वरून जाईल, परवा जयवंताची. लोक म्हणतील, अंबाबाई नाही का गेली? स्वतः भैय्याजींनी हात लावला होता. मग हे पाइप कोणाच्या बापाकडून निघायचे नाहीत.

“खाली ठेवा,” सुखदेव म्हणाला.

“काय?”

“मायले खाली ठेवा. जयवंता, सब्बल आन.”

 ती धावत गेली आणि खोदायची लोखंडी सब्बल घेऊन आली.

भैय्याजींचे हात अजून पुढंच होते. “सुखदेव, हे सरकारी काम आहे. नोकरी जाईल. मी चांगल्या मनानं आलो होतो.”

“माहीत हाय जी,” सुखदेव म्हणाला. “म्हणूनच खोदून राहिलो.”

पण काम चोख होतं. काँक्रीट दाद देईना. पोरं आळीपाळीनं घाव घालत होती, ऊन चढत होतं, तिरडीपाशी बायका पदरानं माश्या वारत होत्या. दोन अडते भरावावरून उतरायला गेले आणि कुंपणात धोतर फाडून परत आले. एरवी वस्ती आठवडाभर हसली असती. भैय्याजी बाकावर बसून राहिले, बूट शेजारी. पहिला पाइप निघाला तेव्हा सुखदेवच्या तळहातांचं कातडं सोललं होतं. शेवटचा निघाल्यावर त्यानं रक्ताळलेल्याच हातानं तिरडीचा पुढचा दांडा धरला. पट्टीवरचे लोक दोन्ही कडांना सरकले. टोपी कोणी काढली नाही.

पुढं व्हायचं ते झालं. सुखदेवची नोकरी वाचली, पण त्याला नाली सफाईवर टाकलं. गाई परत आल्या. फिरणारे खाली मान घालून फिरू लागले आणि शेणाच्या प्रत्येक पोवट्यामागे अंबाबाईचं नाव निघू लागलं. मेल्यावर तिला इतकी मोठी माणसं ओळखू लागली. वस्तीतही दोन मतं होती. मोतीराम म्हणाला, “माणूस हात लावाले तयार होता. तू त्याचा हात झिडकारला.”  सुखदेवलाही रोज तेच आठवायचं, पुढं आलेले ते दोन हात.

पोळ्याच्या सुमारास समितीनं सौंसरहून दुसरा मिस्त्री आणला. नवे पाइप भरावाशी येऊन पडले. मिस्त्री भला माणूस होता. सकाळी नाली उपसणाऱ्या सुखदेवला त्यानं हाक मारली.

“भाऊ, आधीचं तुम्हीच केलं होतं म्हणतात. वळणात जागा किती सोडायची? माप सांगता का?”

सुखदेव फावडं ठेवून वर आला. पट्टीवर भैय्याजी आणि मंडळी फेरीवरून परतत होती, ती थबकली. बुजवलेल्या खड्ड्यांच्या मधोमध, वळण यायचं तिथं, सुखदेव चिखलाच्या कपड्यांनिशी सिमेंटवर उताणा निजला. हात अंगाशी घेतले, पाय लांब केले.

“टेप काढ,” तो म्हणाला. “घे माप.”

सौंसरच्या मिस्त्रीनं भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी खाली पाहत होते. मिस्त्री गुडघ्यांवर बसला आणि त्यानं खिशातून टेप काढला.